'राजा ईडिपस' आणि नियती: वर्गात शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोफोक्लीजचं 'राजा ईडिपस' नववी आणि अकरावीच्या मराठी माध्यमाच्या वर्गात घेणाऱ्या शिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. बरेचसे प्रश्न बीड, परभणी, हिंगोली, लातूर, धाराशिवकडच्या शाळांतले असल्यानं उदाहरणंही तिकडचीच आली आहेत. उत्तरं सुटी सुटी वाचता येतील. एका उत्तरात दुसऱ्याचा संबंध आला तर तिथं क्रमांक दिला आहे.

१. नियतीच शिकवायची तर हे ग्रीक नाटक कशाला? आपल्याकडं नाटकं कमी आहेत का?

कमी नाहीत, पण या नाटकात एक सोय आहे. सगळं एका दिवसात, राजवाड्याच्या एका दारासमोर घडतं आणि त्याला तपासाची चौकट आहे: आधीच्या राजाचा खून कुणी केला? तपास करणाराच आरोपी निघतो. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ही चौकट लगेच कळते. शिवाय भाकीत टाळायला माणसं जे जे करतात त्यातूनच ते खरं होत जातं, हा पेच इथं जेवढा उघडा दिसतो तेवढा क्वचितच दिसतो. मूळ नाटक साधारण दीड हजार ओळींचं आहे, म्हणजे हातात मावणारं. ते इ.स.पू. ४२९ च्या सुमारास रंगमंचावर आलं असं मानतात. त्याच्या थोडं आधी, इ.स.पू. ४३० मध्ये, खुद्द अथेन्समध्ये रोगाची मोठी साथ आली होती. नाटक साथीनंच सुरू होतं, हे मुलांना जरूर सांगा.

संस्कृतातली भासाची 'ऊरुभंग' आणि 'कर्णभार' सोबतीला घेता येतात. कर्णाबद्दल प्रश्न १२ पाहा.

२. शेवट आधी सांगितला तर मुलांची उत्सुकता जाणार नाही का?

जात नाही. अथेन्सच्या प्रेक्षकांना गोष्ट ठाऊक होती आणि नाटक त्याच भरवशावर रचलेलं आहे. ईडिपस खुन्याला शाप देतो तेव्हा तो स्वतःलाच शाप देतोय हे माहीत नसलेल्या मुलाला त्या प्रवेशात फक्त भाषण ऐकू येतं. कीर्तनाला बसलेल्यांना आख्यानाचा शेवट माहीत असतो, तरी कुणी उठून जात नाही. तसंच हे.

पहिल्या तासाला दहा मिनिटांत अख्खी गोष्ट सांगून टाका, पण काळाच्या क्रमानं. थीब्जचा राजा लायस याला भाकीत मिळतं की तुझा मुलगा तुला मारेल. तीन दिवसांच्या आतल्या बाळाच्या घोट्यांना टोचून ते डोंगरावर टाकायला दिलं जातं. मेंढपाळाला दया येते, तो बाळ कॉरिंथच्या मेंढपाळाला देतो आणि तिथला राजा पॉलिबस व राणी मेरोपी ते वाढवतात. मोठेपणी एक दारूडा म्हणतो, 'तू यांचा नाहीस.' ईडिपस देल्फीला, अपोलो देवाच्या कौल देणाऱ्या मंदिरात, विचारायला जातो. तिथं कळतं की तू बापाला मारशील, आईशी लग्न करशील. तो कॉरिंथला परत जायचंच नाही असं ठरवतो, वाटेत तिठ्यावर भांडणात एका म्हाताऱ्याला (तोच लायस) मारतो, थीब्जला येऊन स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवतो, राजा होतो, विधवा राणी योकास्टाशी लग्न करतो. हे सगळं पडदा उघडण्याच्या आधी झालेलं आहे. फळ्यावर उभी रेघ मारा आणि हे सगळं डावीकडं लिहा. उजवी बाजू कोरी ठेवा, ती प्रश्न ७ साठी लागणार आहे.

३. किती तासिका लागतात आणि वर्षात कधी घ्यावं?

चाळीस मिनिटांच्या आठ तासिका. गोष्ट एक, शब्द एक (प्रश्न ४), वाचनाला चार, रकान्यांचं काम एक, लेखन एक. वाचनाच्या चार तासिकांत शाप, आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियस याच्याशी भांडण, योकास्टा आणि तिठा, मेंढपाळ एवढे चारच प्रवेश घ्या. योकास्टाचा भाऊ क्रेऑन याच्याशी होणारं भांडण दोन वाक्यांत सांगून पुढं जा, नाहीतर वर्ग तिथंच अडकतो.

महिना जुलै किंवा ऑगस्ट. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला कुटुंबं निघाली की बीड, जालना भागात वर्ग अर्धा होतो. तीन तासिका झाल्यावर गेलेलं मूल पट्टा पडल्यावरच (साखर कारखान्याचा हंगाम संपल्यावर) परत येतं, तोवर नाटक संपलेलं असतं. सलग तासिका मिळत नसतील तर आठवड्याला दोन धरून चार आठवडे चालेल. त्याहून जास्त ताणलं तर नावं विसरतात. दहावी-बारावीला हात लावू नका.

४. नशीब, दैव, नियती, प्रारब्ध, योगायोग: वर्गात नेमका कोणता शब्द वापरू?

सगळे फळ्यावर घ्या, पण एकाच अर्थानं कधीच वापरू नका. निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी मुलांकडून प्रत्येक शब्दाचं घरी ऐकलेलं वाक्य मागा. 'नशिबात असंल तर मिळंल.' 'दैव देतं, कर्म नेतं.' 'योगायोगानं भेट झाली.' मग शब्दांची मुळं सांगा. 'नशीब' अरबीतल्या 'नसीब'वरून आला, त्याचा अर्थ हिस्सा. 'भाग्य' म्हणजे 'भाग'वरून. ग्रीकांचा नियतीसाठीचा शब्द 'मोइरा', त्याचाही अर्थ वाटा. तीन भाषा, पण मुळाशी एकच गोष्ट, वाटणी. मराठीत तर आपण उघडच म्हणतो, 'माझ्या वाट्याला आलं.'

वाटणी काय असते हे इथल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. दोन भावांत शेत वाटलं गेलं, एकाला विहिरीकडचा तुकडा आला, एकाला माळाकडचा. तुकडा त्यानं निवडला नाही, पण त्यात तूर घेतली की कापूस लावला हे त्याचं. बहुतेक वर्गात इथं हात वर होतात. मात्र हे उदाहरण एका मर्यादेपुढं ताणू नका. शेताच्या वाटणीत बांध दिसतो. ईडिपसला आपल्या तुकड्याची हद्द कुठं आहे हेच माहीत नाही, आणि त्याची सगळी धडपड त्या बांधाच्या शोधात आहे.

आता उरलेले शब्द. योगायोग हा शब्द नाटकातल्या माणसांच्या तोंडी आहे. योकास्टा म्हणते, सगळं योगायोगावर चालतं, जमेल तसं जगावं. थोड्या वेळानं ईडिपसही स्वतःला दैवयोगाचं लेकरू म्हणवून घेतो, आणि लगेच पुढच्या प्रवेशात मेंढपाळ येतो. दैव म्हटलं की त्यात देव आला, इथं अपोलो. प्रारब्ध सांभाळून वापरा. त्यात मागच्या जन्मीचं कर्म येतं. हा शब्द आला की 'सर, त्यानं मागच्या जन्मी काय पाप केलं होतं?' हे आलंच, आणि या नाटकात मागचा जन्म नाही. हा शब्द तुलनेच्या गृहपाठासाठी ठेवा. नियती पुस्तकी वाटतो हे खरं, पण त्याला घरचं ओझं चिकटलेलं नाही, म्हणून चर्चेत तोच सोयीचा.

५. मुलं म्हणतात, 'हे म्हणजे सटवाईनं लिहिलेलंच की!' हो म्हणू का?

हो म्हणा, आणि लगेच फरक विचारा. पाचवीच्या रात्री बाळाजवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात, सटवाई येऊन कपाळी लिहून जाते, हे मुलांनी घरात पाहिलेलं असतं. सटवाईचा लेख कुणाला वाचता येत नाही. देल्फीचं भाकीत मात्र कानावर पडतं, आणि तेही अर्धं. ईडिपस विचारायला गेला होता, 'माझे आईबाप कोण?' त्याचं उत्तर मिळालंच नाही, दुसरंच भयंकर काहीतरी सांगितलं गेलं. अर्धं कळलेल्या माणसानं काय करावं, नाटक तिथं येऊन ठेपतं.

सटवाईच्याच लेकीची एक लोककथा ईडिपसच्या फार जवळ जाते. इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये ती इंग्रजी लेखातून अभ्यासकांपुढं आणली. लेक आईला विचारते, माझ्या कपाळी काय लिहिलंस? उत्तर मिळतं, तुझं लग्न तुझ्याच मुलाशी होईल. ती पुरुषाचं तोंड पाहायचं नाही म्हणून रानात जाऊन राहते, तरी भाकीत चुकत नाही. टाकलेलं बाळ दुसरीकडं वाढतं आणि पुढं त्याच्याशीच तिचं लग्न होतं. तिला ओळख पटते ती बाळाला गुंडाळलेल्या स्वतःच्या वस्त्रावरून. ओळख पटल्यावर ती गप्प राहते आणि संसार करते.

वर्गाला एवढंच विचारा: योकास्टालाही ईडिपसच्या आधी कळलेलं आहे. तीही विनवते, 'आता शोध थांबव.' तिचं ऐकलं असतं तर नाटक सटवाईच्या लेकीच्या गोष्टीसारखं संपलं असतं. मग ईडिपस का थांबत नाही? अकरावीला या एका प्रश्नावर पूर्ण तास जातो आणि तो जाऊ द्यावा.

६. आई-मुलाच्या लग्नाचा भाग मुलामुलींच्या वर्गात कसा घ्यायचा?

आवाज खाली न आणता, पहिल्याच तासाला, एका सरळ वाक्यात: 'त्यानं नकळत बापाला मारलं आणि नकळत आईशी लग्न केलं.' 'नकळत' दोनदा. शिक्षक अडखळला की मागच्या बाकावर खसखस सुरू होते. न अडखळल्यास ती पहिल्या तासातच संपते. रंगमंचावर असा कोणताही प्रसंग नाही, सगळं बोलण्यातून कळतं, हे मुख्याध्यापकांना आणि विचारणाऱ्या पालकांनाही सांगता येतं.

एखादं मूल मोबाइलवर 'ईडिपस गंड' वाचून येतंच. तो शब्द मनोविश्लेषक फ्रॉइडचा, विसाव्या शतकातला. नाटकातल्या माणसाला तर पत्ताच नव्हता. एवढं सांगून पुढं चला.

७. ईडिपसच्या हातात काही होतं की नव्हतं? हे वर्गात नेमकं कसं दाखवू?

हाच या पाठाचा गाभा आहे, आणि तो भाषण करून सुटत नाही. फळ्यावर तीन रकाने करा.

पहिला, 'सांगितलेलं'. यात दोनच नोंदी येतात: बापाचा खून, आईशी लग्न. मुलं इथं दहा गोष्टी भरायला बघतात. प्रत्येक वेळी विचारा, 'हे देल्फीनं सांगितलं होतं का? कुठल्या ओळीत?'

दुसरा, 'टाळण्यासाठी केलेलं'. बाळ टाकणं, कॉरिंथ सोडणं.

तिसरा, 'आज केलेलं'. प्रश्न २ मध्ये कोरी ठेवलेली उजवी बाजू ती हीच. खुन्याला जाहीर शाप देणं, टायरेसियसला बोलावणं आणि त्याच्यावर आरोप करणं, तिठ्यावरून जिवंत निसटलेल्या गड्याला (बाळ वाचवणारा मेंढपाळ तोच) बोलावणं, त्याला धमकावून बोलतं करणं, स्वतःचे डोळे फोडून घेणं.

आता तिसऱ्या रकान्यातली एकेक नोंद डस्टरनं पुसा आणि दर वेळी विचारा, 'हे झालं नसतं तर भाकीत खोटं ठरलं असतं का?' उत्तर दर वेळी 'नाही'. खून आणि लग्न तर कधीच होऊन गेलेलं. पुसल्यावर बदलतं ते एवढंच की त्याला कळलं नसतं. म्हणजे नाटकात डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टींतलं जवळजवळ काहीच देल्फीनं सांगितलेलं नाही. कळून घेणं हे त्याचं स्वतःचं आहे. डोळ्यांबद्दल तो स्वतःच फोड करून सांगतो: हे दुःख अपोलोनं आणलं, पण घाव घालणारा हात माझा.

दोन ठिकाणी गाडी घसरते. मेंढपाळाची दया कुठल्या रकान्यात घालायची यावर वर्ग भांडतो. ती रकान्यांच्या रेघेवर लिहा आणि प्रश्नचिन्ह द्या, उत्तर देऊ नका. दुसरं म्हणजे तिठ्यावरचा खून. तो पहिल्या रकान्यात आहे, पण तपशील बघा: गाडीवाल्यानं ढकललं, यानं त्याला मारलं, म्हाताऱ्यानं डोक्यात दुटोकी पराणी हाणली, यानं काठीनं उत्तर दिलं आणि सगळ्यांना आडवं केलं, असं तो स्वतः सांगतो. (एक जण निसटला होता, ते त्याला ठाऊक नाही.) भाकितात हा राग कुठं होता? सांगितलेलं आणि स्वतः केलेलं एकाच घटनेत असू शकतं, हे मुलांना इथं दिसतं. फाट्यावर जीप आणि ट्रॅक्टर समोरासमोर आल्यावर कोण आधी मागं घेतो, एवढं विचारलं की पुरे.

८. 'सर, मग त्यानं म्हाताऱ्या माणसाला मारायचंच नव्हतं, आणि वयानं मोठ्या बाईशी लग्न करायचं नव्हतं.' यावर काय बोलायचं?

'शाबास' म्हणायचं, कारण प्रश्न बरोबर आहे. 'नाटक आहे, असं विचारायचं नसतं' हे उत्तर देऊ नका. ईडिपसच्या मते त्याचे आईबाप कॉरिंथमध्ये होते. तो लोकांना टाळत नव्हता, एक गाव टाळत होता. धोका कुठं आहे हे आपल्याला ठाऊक आहे असं ज्याला वाटतं, तो बाकी सगळीकडं बेफिकीर असतो. लग्नाच्या वेळचं दोघांचं वय नाटकात दिलेलं नाही, त्यामुळं आकडे काढत बसू नका.

९. 'गर्वामुळे ईडिपसचा नाश झाला' असं उत्तर आलं तर गुण द्यायचे का?

अर्धे. 'गर्वाचं घर खाली' ही म्हण हाताशी असल्यानं हे उत्तर सगळ्यात जास्त येतं. टायरेसियस आणि क्रेऑनशी तो उद्दामपणे वागतो हे खरं. पण खून आणि लग्न त्याच्या कित्येक वर्षं आधीचं आहे. आजच्या उद्दामपणाची शिक्षा म्हणून जुनी घटना घडू शकत नाही. प्रश्न ७ मधले रकाने ज्यानं वहीत उतरवून घेतले त्याला ही चूक स्वतःच सापडते.

अ‍ॅरिस्टॉटलनं वापरलेला 'हमार्तिया' हा शब्द गाइडांमध्ये 'दोष' किंवा 'पाप' म्हणून येतो. त्याचा मूळ अर्थ नेम चुकणं. बाण सोडणारा वाईट नसतो, त्याचा अंदाज चुकतो. 'चूक' हा साधा शब्द त्याला जवळचा आहे.

दहा गुणांच्या उत्तरासाठी अशी विभागणी चालते: घटना अचूक ३, नाटकातला आधार ३, दुसऱ्या बाजूचा विचार २, कारणासह मत २. प्रश्न 'नियतीचं महत्त्व सांगा' असा कधीच नको, त्याचं उत्तर नाटक न वाचताही लिहिता येतं. 'योकास्टा शोध थांबवायला सांगते, ईडिपस ऐकत नाही. यातलं नियतीचं किती आणि त्याचं किती?' असा विचारा.

१०. पासष्ट मुलं, पाच प्रती. वाचन कसं करायचं?

एकच प्रवेश नीट करा: मेंढपाळाचा. जेमतेम पाऊणशे ओळी, तीन बोलणारे आणि कोरस. या तिघांचे संवाद फळ्यावर किंवा कार्डशीटवर मोठ्या अक्षरात आदल्या दिवशी लिहून ठेवा.

तिघांना पुढं उभं करा. कॉरिंथचा म्हातारा खुशीत आहे. आपण चांगली बातमी आणली असं त्याला वाटतं: 'अरे, तूच नाही का मला ते बाळ दिलंस?' मेंढपाळ त्याला गप्प करायला बघतो. राजा दरडावतो, हात पिरगळायला सांगतो. मेंढपाळ प्रत्येक उत्तर अर्धं देतो. मग ती जागा येते. मेंढपाळ म्हणतो, आता जे सांगायचं तेच भयंकर आहे. ईडिपस म्हणतो, आणि मला जे ऐकायचं तेही. पण ऐकलंच पाहिजे. या दोन वाक्यांच्या मध्ये तीन सेकंद थांबायला लावा. मुलं घाईनं वाचून टाकतात आणि प्रवेश पडतो. तीनदा वेगळ्या मुलांकडून करून घ्या. तिसऱ्या खेपेला वर्ग शांत असतो.

उरलेल्या बासष्टांचा कोरस करा. कोरस समजवायला पोवाड्यातले झीलकरी पुरतात: शाहीर सांगतो, झीलकरी धरून ठेवतात. फरक एवढा की कोरस नुसती साथ देत नाही, तो शहरातल्या जाणत्या लोकांचा गट आहे. घाबरतो, सल्ला देतो, बाजू बदलतो. सोफोक्लीजच्या कोरसात १५ जण असत आणि बोलणारे नट तीनच, मुखवटे बदलून सगळ्या भूमिका तेच करत.

११. लायसला एकानं मारलं की अनेकांनी? नाटकात चूक आहे का?

बारीक वाचणारी मुलं हे पकडतात. निसटलेल्या गड्यानं 'लुटारू होते' असं अनेकवचनी सांगितलं होतं. ईडिपसची सगळी आशा त्याच्यावर: एक म्हणजे अनेक नव्हेत. म्हणूनच त्या गड्याला बोलावतात. पण तो येतो तेव्हा हा प्रश्न त्याला कुणी विचारतच नाही, कारण तोवर चौकशी बाळाकडं वळलेली असते. नाटक याचा खुलासा करत नाही. गडी घाबरून खोटं बोलला असावा असं बहुतेक वाचक धरतात. मुलांनी वेगळं कारण सुचवलं आणि ओळीचा आधार दिला तर गुण द्या.

असाच दुसरा सांधा: योकास्टा म्हणते, बाळ लायसनं टाकवलं. मेंढपाळ म्हणतो, बाळ माझ्या हातात दिलं ते राणीनं. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून वर्गासमोर ठेवा.

१२. कर्णाशी तुलना करावी का?

करावी, पण 'दोघांनाही जन्मतः टाकलं' इथं थांबू नये. कर्णाला आपण कोण हे युद्धाआधी कळतं आणि कळूनही तो बाजू बदलत नाही. ईडिपसला सगळं होऊन गेल्यावर कळतं. एकाच्या हातात निवड उरते, दुसऱ्याच्या हातात त्या कळण्याचं काय करायचं एवढंच. मुलांना मालिकांमधला कर्ण जास्त ठाऊक असतो, म्हणून अर्ध्या तासाची मर्यादा घाला.

१३. योकास्टा जीव देते. वर्गात कुणाच्या घरी आत्महत्या झालेली असेल तर?

मराठवाड्यात हा प्रश्न 'असेल तर'चा नाही, आहे असं धरूनच तयारी करा. नाटक सुरू करण्याआधी वर्गशिक्षकांकडून माहिती घ्या. त्या मुलाशी किंवा मुलीशी आदल्या दिवशी एकटं बोला: गोष्टीत असा प्रसंग आहे, त्या तासाला ग्रंथालयात बसायचं असेल तर बस, कारण कुणी विचारणार नाही. त्या मुलाला कोणतीही भूमिका स्वतःहून देऊ नका.

दूताचं वर्णन मोठ्यानं वाचू नका. 'योकास्टा जीव देते' एवढं वाक्य पुरतं, कसा ते नको. ईडिपस आंधळा जगण्यापेक्षा मेला असता तर बरं, असं कोरस एका ठिकाणी म्हणतो. ते वाक्य चर्चेला घेऊ नका. आणि कुणीही, शिक्षकानं किंवा मुलानं, खऱ्या माणसाच्या मृत्यूबद्दल 'ते नशिबातच होतं' म्हटलं तर तिथंच थांबवा. नाटकात घटना आधीच लिहिलेली आहे. माणसाच्या घरात कर्ज असतं, आजार असतो, मदत न पोचणं असतं, आणि त्यावर करण्यासारखं बरंच काही असतं. मूल विस्कटलेलं दिसलं तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी घरच्यांशी बोला. टेलि-मानस १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर राहू द्या.

१४. 'तुम्ही पोरांना देव-नशीब खोटं आहे असं शिकवता का?' असं पालक विचारतात.

उलट तक्रारही येते, 'अंधश्रद्धा शिकवता का?' दोन्हीला उत्तर एकच: पाठ नाटकातल्या माणसांबद्दल आहे. वर्गात 'तुझा नशिबावर विश्वास आहे का?' असा प्रश्न विचारूच नका. 'योकास्टाचा भाकितावर विश्वास आहे का? कुठल्या ओळीवरून?' असा विचारा. पहिल्या प्रश्नात मूल आपल्या घराची बाजू घेऊन भांडतं, दुसऱ्यात पुस्तक उघडतं.

एक जागा मात्र सैल सोडू नका. 'वाट्याला आलेलं' ही चर्चा कधी कधी जातीवर, गरिबीवर किंवा कुणाच्या पायावर येते. ईडिपसच्या नावाचा अर्थच सुजलेल्या पायाचा, आणि टायरेसियस आंधळा. वर्गातल्या कुणाचाही जन्म किंवा शरीर उदाहरण म्हणून येता कामा नये, कौतुकानंसुद्धा.

१५. 'मरेपर्यंत कुणाला सुखी म्हणू नये' हेच नाटकाचं तात्पर्य समजायचं का?

नको. ते कोरसचं अखेरचं बोलणं आहे, आणि या शेवटच्या ओळी सोफोक्लीजच्या आहेत का याविषयीच अभ्यासकांना शंका आहे. सुविचारासारखं वाक्य दिसलं की मुलं ते अधोरेखित करतात आणि मधलं सगळं विसरतात. त्याच्या जरा आधीचा प्रवेश घ्या: आंधळा ईडिपस लहान मुलींना, अँटिगनी आणि इस्मेनीला, चाचपून जवळ घेतो, आणि त्यांचं पुढं कसं होईल याची काळजी करतो.

१६. स्नेहसंमेलनात करता येईल का?

शाप, टायरेसियस आणि मेंढपाळ हे तीन प्रवेश जोडले तर पंचवीस मिनिटांत बसतं. मूळ ग्रीक नाटकावर कुणाचा हक्क नाही, मराठी भाषांतरावर मात्र असतो (भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं). म्हणून तिकीट लावून किंवा स्पर्धेत करायचं तर परवानगी घ्या, नाहीतर संवाद मुलांकडूनच लिहून घ्या. नावांची स्पेलिंगं पुस्तकागणिक बदलतात. पु. ल. देशपांडे यांच्या रूपांतरात हेच नाव 'ओयदिपौस' असं आहे. एकच रूप ठरवून सगळ्यांना द्या.

डोळ्यांतलं रक्त दाखवायला कुंकवाचं पाणी किंवा गुलाल अजिबात नको. दिव्यांच्या उष्णतेनं घाम येतो, रंग खरंच डोळ्यांत उतरतो आणि मुलगा संवाद सोडून डोळे चोळत बसतो. लाल सुती कापडाची चार बोटं रुंद पट्टी डोळ्यांवर बांधा, दोन टोकं गालांवरून खाली लोंबती ठेवा. मागच्या ओळीतूनही दिसतं. पट्टी विरळ विणीची घ्या, म्हणजे त्याला स्टेजची कड दिसत राहील.